साखर जितकी खाली, तितकं हृदय सुरक्षित?

इंदूरला रामबागेत सकाळी फिरायला निघालेल्या आपल्या मंडळींत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: "साखर जितकी खाली आणाल, तितकं हृदय सुरक्षित." मग काकू पोहे सोडतात, काका मनानेच गोळी वाढवतात. हे धोक्याचं आहे.

अमेरिका-कॅनडातल्या 'अ‍ॅकॉर्ड' अभ्यासात मधुमेह असलेले, हृदयविकाराचा धोका जास्त असलेले 10,251 जण होते. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6 टक्क्यांखाली आणायची. दुसऱ्याची 7 ते 7.9 मध्ये ठेवायची. पहिल्या गटात मृत्यू जास्त झाले, 257 विरुद्ध 203. म्हणून 2008 मध्ये ते कडक उपचार मुदतीआधीच थांबवले.

साखर फार घसरली की शरीर अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, धडधड वाढते, ठोक्यांची लय बिघडू शकते. आधीच आजारी हृदयाला हा ताण जड जातो. वयस्कर माणसांचं लक्ष्य डॉक्टर थोडं सैल ठेवतात ते यासाठी. तो हलगर्जीपणा नव्हे.

याचा अर्थ साखर मोकाट सोडा असा मुळीच नाही! वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडं, नसा पोखरते. हृदयाचा स्नायूही ताठर होतो. पण हृदयासाठी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं आणि तंबाखू सोडणं तितकंच मोलाचं.

आणखी एक. मधुमेहात नसा बधिर झाल्या, तर झटका छातीत न दुखताही येतो. अचानक दम लागला, दरदरून घाम फुटला, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.