नंबराखालचं बीड

जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर आरटीओच्या कागदांना चासी नंबरचा छाप जोडावा लागतो. नंबरावर शिसपेन्सिल घासायची, वर चिकटपट्टी दाबायची आणि अलगद उचलायची. पट्टीवर करड्या पट्ट्यात आकडे पांढरे उमटतात. वडिलांची स्कूटर विकली तेव्हा एजंटच्या पोऱ्याने हे काम माझ्या डोळ्यांदेखत अर्ध्या मिनिटात उरकलं होतं. त्या करड्या पट्ट्यात आकड्यांखेरीज बारीक रेघाही उमटल्या होत्या. त्यांच्याकडे ना पोऱ्याने पाहिलं, ना मी.

अमेरिकेत १९६० च्या दशकातल्या 'मसल कार'चा बाजार मात्र त्या रेघांवरच चालतो.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, दोन दारांची, दिसायला घरगुती गाडी आणि तिच्या बॉनेटखाली गरजेपेक्षा कितीतरी मोठं व्ही-एट इंजिन. आज या गाड्या लाखो डॉलरना जातात. पण गाडीत आज बसलेलं इंजिन कारखान्यातून तिच्याबरोबरच बाहेर पडलेलं आहे का, हे ठरल्याशिवाय किमतीची बोलणी पुढे सरकत नाहीत. आपल्या आरसीवर चासी नंबर आणि इंजिन नंबर असे दोन्ही असतात. अमेरिकेत मालकीच्या कागदावर फक्त गाडीचा नंबर असतो, इंजिनाबद्दल अक्षर नाही. म्हणजे साक्ष द्यायला उरतो तो खुद्द इंजिनाचा बिडाचा ब्लॉक, सिलिंडर ज्यात असतात तो ओतीव लोखंडाचा ठोकळा.

एकच गाडी घेऊ : १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो झेड-२८. ट्रान्स-अ‍ॅम नावाच्या शर्यतींत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती. शेव्हरोलेच्या लोकांनी ३२७ घन इंची इंजिनाचा चार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि जुन्या २८३ चा तीन इंची स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकत्र आणला आणि ३०२ घन इंचांचं इंजिन उभं केलं. मर्यादेच्या, म्हणजे सुमारे ३०५ घन इंचांच्या, जेमतेम आत. १९६७ मध्ये अशा ६०२ गाड्या निघाल्या, १९६९ पर्यंत तो आकडा वीस हजारांच्या घरात गेला. कागदावर ताकद २९० अश्वशक्ती, खरी त्याहून बरीच जास्त हे जाणकारांत सर्वमान्य आहे.

आता गंमत अशी, की १९६९ च्या कॅमॅरोचा गाडी नंबर इंजिनाबद्दल फक्त एवढंच सांगतो : सहा सिलिंडर की आठ. १२३ ने सुरू होणारा नंबर सहाचा, १२४ ने सुरू होणारा आठचा. संपलं. भाजी आणायला घेतलेली साधी व्ही-एट कॅमॅरो आणि झेड-२८, दोघींचे नंबर सारख्याच थाटाचे. ओहायोतल्या नॉरवुड कारखान्यातल्या गाड्यांच्या बॉडीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर पुढे पुढे 'एक्स ३३', 'एक्स ७७' अशा झेड-२८ च्या खुणा येऊ लागल्या, पण ती पट्टी दोन रिव्हेटवर बसते आणि रिव्हेट काढता येतात. साध्या गाडीला पट्टे रंगवून, झेड-२८ चे बिल्ले लावून, योग्य इंजिन बसवून पैसे करायचा धंदा इथूनच सुरू होतो.

योग्य इंजिन म्हणजे काय? ब्लॉकच्या मागच्या कडेला, गिअरबॉक्सला जोडणाऱ्या कानावर, ओतकामातच उठून आलेला सात आकडी नंबर असतो. तो साच्याचा नंबर, म्हणजे त्या नमुन्याच्या प्रत्येक ब्लॉकवर तोच. कोल्हापूरच्या फौंड्रीत ज्याने साचा उठवायचा पॅटर्न पाहिलाय त्याला हे सांगायला नको. ३०२ साठी वापरलेल्या ब्लॉकपैकी एकाचा नंबर ३९७००१०. हाच साचा पुढे दहाएक वर्षं ३५० घन इंची इंजिनांना वापरला गेला, त्यात मालवाहू पिकअपही आल्या. दोन्हींचा बोअर चार इंच, फरक क्रँकचा, म्हणजे पिस्टनची धाव ठरवणाऱ्या खालच्या दांड्याचा. थोडक्यात, नकली ३०२ चा कच्चा माल अमेरिकेतल्या कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतो.

ब्लॉकच्या मागच्याच कडेला ओतकामाची तारीख असते. महिन्याला अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग तारीख, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. 'डी ३ ९' म्हणजे ३ एप्रिल आणि नऊ. कुठलं नऊ? १९६९ की १९७९? ज्या माणसाने रोज सकाळी पॅटर्नवरचे हे आकडे बदलले, त्याला दहा वर्षांनी तीच तारीख पुन्हा येईल याची फिकीर असायचं कारण नव्हतं. आज मात्र १९७९ च्या पिकअपचा ब्लॉक १९६९ चा म्हणून खपवताना हा एकटा नऊ फार उपयोगी पडतो.

म्हणून जाणकार ब्लॉकच्या पुढच्या बाजूला येतो. उजव्या हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाच्या, पुढे ब्लॉकचा माथा बोटभर बाहेर डोकावतो, तेवढी जागा सपाट. तिला पॅड म्हणतात. मिशिगनमधल्या फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात तयार इंजिनाच्या या पॅडवर ठसा पडायचा, उदाहरणार्थ 'व्ही ०४१२ डीझेड'. व्ही म्हणजे फ्लिंट, १२ एप्रिल ही जुळणीची तारीख, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड-२८ चं ३०२. मग इंजिन नॉरवुडला जायचं, गाडीत बसायचं आणि तिथे त्याच्यावर गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग पंच व्हायचा : '१९एन' आणि पुढे सहा आकडे. कधी पॅडवर, कधी खाली ऑइल फिल्टरजवळच्या खडबडीत जागेवर. १९६८ पासून शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही पद्धत पक्की झाली.

दोन ठसे, दोन गावं, दोन वेगळे पंचसंच. दोन्हींची अक्षरं एकाच वळणाची निघाली, तर एकाच माणसाने एकाच दुपारी काम उरकलंय असं समजावं. तारखांचा क्रमही जुळायला हवा : आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी. गाडी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बनली आणि ब्लॉक मे महिन्यात ओतला, असं व्हायला नको. होतं मात्र. लबाडीतही घाई असते.

पण पंच बाजारात मिळतात, अक्षरांचं वळण नक्कल करता येतं, तारखा जुळवता येतात. पॅडवरच्या रेघा मात्र अवघड.

ब्लॉकचा माथा सपाट करायला त्या काळी ब्रोच वापरत. रांगेने पाती बसवलेलं लांबलचक हत्यार, एका सरळ फेरीत सगळा पृष्ठभाग तासून काढणारं. त्यामुळे माथ्यावर पुढून मागे, क्रँकच्या दिशेने, सरळ समांतर रेघा राहतात. प्रत्येक पातं थोडं वेगळं झिजलेलं, म्हणून एक रेघ खोल, एक पुसट. पॅड त्या माथ्याचाच भाग, तेव्हा त्याच्यावरही त्याच रेघा. आपल्याकडे मशीनशॉपमध्ये ब्लॉक फेसिंगला, म्हणजे माथा पुन्हा सपाट करायला, नेला, की गोल फिरणारा कटर चालतो आणि त्याच्या खुणा कमानदार येतात. कमानींवर डीझेड दिसला, तर तो ठसा फ्लिंटच्या ब्रोचनंतरचा नाही, फेसिंगनंतरचा आहे.

इथे भिंग हातात घेऊन, बॅटरी पॅडला जवळजवळ आडवी धरून पाहावं लागतं. अस्सल पॅडवर आधी रेघा आल्या, मग पंच. म्हणून आकड्याच्या कडेशी रेघा किंचित वाकून आत दबलेल्या दिसतात, आणि पंचाने बाजूला ढकललेल्या धातूची बारीक वरंबी आकड्याभोवती रेघांच्या वर उभी असते. नकलाकार बहुतेकदा उलट क्रमाने जातो : नंबर मारतो, मग जाड पॉलिश पेपर एकाच दिशेने ओढून रेघा आणतो. मग रेघा त्या वरंबीवरून जातात, तिचा माथा सपाट होतो. हुशार नकलाकार आधी रेघा आणतो, हेही खरं. पण त्याच्यापुढची खरी अडचण वेगळीच आहे, पॅडवरचा जुना नंबर घालवायची.

पंचाचा घाव बसतो तेव्हा धातू फक्त दिसणाऱ्या खळग्यापुरता हलत नाही. खळग्याच्या तळाखालचे स्फटिकही दबतात, त्यांच्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, मांडणीत असंख्य दोष शिरतात. वरचा आकडा तासून जागा आरशासारखी केली, तरी खालचा दबलेला भाग त्याच आकाराचा शिल्लक असतो. त्यावर योग्य आम्ल लावलं, तर दबलेला भाग शेजारच्यापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि गेलेला आकडा धूसर वर येतो. क्यूप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं 'फ्रायचं द्रावण' लोखंड-पोलादासाठी याच कामाचं आहे. आपल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत चोरीच्या गाड्यांचे, बंदुकांचे खोडलेले नंबर अशाच रीतीने वाचले जातात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी स्टेनलेस स्टीलवर ठसे मारून, ते दिसेनासे होईपर्यंत घासून, इलेक्ट्रॉनांच्या झोताने स्फटिकांतली विस्कट मोजली आणि ठसे परत वाचून दाखवले.

बिडाचं मात्र थोडं अडतं. इंजिनाचं करडं बीड म्हणजे लोखंडात विखुरलेल्या ग्रॅफाइटच्या पाकळ्या. घावाचा दाब पाकळीपाशी तुटतो, आम्लही पाकळीच्या कडेने भलतीकडे शिरतं. पोलादावर जसा स्वच्छ आकडा उमटतो तसा इथे येईलच असं नाही. शिवाय लाखमोलाच्या पॅडवर आम्ल लावायला कोणता मालक राजी होणार?

तरीही नकलाकार कात्रीत सापडलेला असतो. जुना नंबर वरवर तासला, तर खालची भुतं शिल्लक. खोल तासला, तर ब्लॉकची उंची बोलते. या घराण्याच्या इंजिनात क्रँकच्या मध्यापासून माथ्यापर्यंत मूळ मोजमाप ९.०२५ इंच, म्हणजे सुमारे २२९ मिलिमीटर. इंजिन खोललं की ते मोजता येतं. नुसतं पॅडच खोल केलं, तर हेडच्या कडेशी पायरी पडते, सरळपट्टी ठेवली की खालून उजेड दिसतो. आणि वेल्डिंगने जुना नंबर भरून काढायचा बेत असेल, तर वितळलेलं बीड झटकन थंड होताना त्यातल्या कार्बनला ग्रॅफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तिथे कठीण, ठिसूळ, पांढरं बीड तयार होतं. कानस घसरते, लगेच कळतं.

नंबर नसणं हा मात्र गुन्हा नव्हे, आणि हे बाजारात पुरेसं कुणी ऐकत नाही. हेड गॅस्केट उडालं, ब्लॉक फेसिंगला गेला, पाव मिलिमीटर निघाला, नंबर गेला. पन्नास वर्षांत हे कित्येकदा प्रामाणिकपणे घडलेलं आहे. काही इंजिनं तर वॉरंटीतच फुटली आणि शेव्हरोलेने बदली ब्लॉक दिले, त्यांच्यावर 'सीई' असा ठसा असतो. ज्याने गाडी खरोखर शर्यतीत घातली त्याचंच इंजिन फुटण्याची शक्यता जास्त. ज्याने ती भित्रेपणाने चालवली त्याचं मूळ इंजिन टिकलं आणि आज भाव त्यालाच. या गाड्या ज्या कामासाठी जन्मल्या ते पाहता मला हा न्याय उलटाच वाटतो.

भाव का, याचं उत्तर इतर सुट्या भागांत आहे. १९६९ च्या कॅमॅरोची आख्खी नवी बॉडी आज परवान्यासह बनते. सीटचं कापड, काचा, बिल्ले, सगळं नवं मिळतं. वॉरंटी पुस्तिकेतली गाडीची आणि इंजिनाची माहिती ठोकलेली धातूची छोटी चकती हा एके काळी भक्कम पुरावा होता, आता तीही उठवून देणारे आहेत. पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला कारखान्याचा जुळणीचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण बहुतेकदा उंदरांनी खाल्लेला असतो. फोर्ड आणि पॉन्टिअ‍ॅकच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आज पैसे भरून मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेबाबत तशी सोय नाही. उरतं काय? पॅड.

दुर्मिळ इंजिनांत तर हा पेच टोकाला जातो. १९६९ चं झेड-एल-१ हे पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं ४२७ घन इंची इंजिन, फक्त ६९ कॅमॅरोंत बसलं. एकट्या इंजिनाची किंमत चार हजार डॉलरच्या वर होती, साध्या गाडीपेक्षा जास्त. १९६७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये एल-८८ इंजिन घेणारे वीसच निघाले. त्यातली एक गाडी जानेवारी २०१४ मध्ये अ‍ॅरिझोनात लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरना गेली. या दोन्ही गाड्यांच्या नंबरातही इंजिनाचा पत्ता नाही.

कामाच्या दृष्टीने पाहिलं तर झेड-२८ मध्ये योग्य तारखेचा, पण गाडीचा नंबर नसलेला दुसरा ब्लॉक तेवढाच चांगला चालतो. आवाज तोच, कॉम्प्रेशन तेच अकराला एक, आजच्या साध्या पेट्रोलवर कुरकुर तीच. विकताना मात्र तो खालच्या पायरीवर बसतो, आणि विक्रेत्याने 'तारखेला जुळणारा' हे सरळ सांगितलं असेल तर त्यात गैर काहीच नाही.

सगळ्यात वाईट नुकसान करतो तो हौशी मालक. इंजिन बाहेर काढलं, ग्रीस आणि जुना नारिंगी रंग खरवडायचा, म्हणून ड्रिलला तारेचा ब्रश लावून पॅडवरून दोनदा फिरवला. नंबर छान चकाकतो, वाचताही येतो. रेघा गेल्या, वरंबी गेली. पॅडला लावायचं ते रंग काढायचं द्रावण, मऊ ब्रश आणि जुनं फडकं. मग आडव्या उजेडात फोटो काढायचे, आणि हवं तर शिसपेन्सिल घासून वर चिकटपट्टी.