निरीक्षण विहिरी आणि पाणीपातळीच्या नोंदी : पार्श्वभूमी

दोराला वजन बांधून विहिरीतील पाण्याचा अंदाज घेण्याची रीत फार जुनी आहे. मात्र एकाच विहिरीत, एकाच खुणेपासून, ठरावीक काळाने पातळी मोजण्याची शिस्त पोलादी टेपमुळे रुजली. टेपच्या खालच्या भागाला खडू फासायचा, ती पाण्यात सोडून वरचा एखादा पूर्ण आकडा कठड्यावरील खुणेशी धरायचा, आणि वर ओढल्यावर खडू जिथवर भिजला असेल तो आकडा त्यातून वजा करायचा. काळजीने मोजल्यास चूक काही मिलिमीटरपलीकडे जात नाही. भिंतीतून पाणी ठिबकत असेल किंवा पंपाचे तेल तरंगत असेल, तर मात्र ही पद्धत फसते. पुढे तरंगता डबा आणि घड्याळावर फिरणारे नळकांडे यांच्या जोडणीने कागदावर अखंड रेघ उमटू लागली. २७ मार्च १९६४ च्या अलास्का भूकंपाचे हेलकावे हजारो किलोमीटर दूरच्या विहिरींत अशाच कागदांवर नोंदले गेले.

उपकरणांपेक्षा अधिक मतभेद झाले ते विहिरींच्या निवडीवरून. सुरुवातीच्या बऱ्याच नोंदी वापरातल्या विहिरींतल्या आहेत, कारण त्या आयत्या मिळत होत्या. उपसा थांबल्यावर अशा विहिरीत पाणी पूर्ववत चढायला काही तास, कठीण खडकात कधी काही दिवसही लागतात, आणि त्याआधी मोजणी झाली तर नोंदीत त्या सकाळचा उपसाच उतरतो. म्हणून केवळ मोजणीसाठी घेतलेल्या, ठरावीक थरापुरतीच जाळीदार नळी बसवलेल्या विंधन विहिरींचा पर्याय पुढे आला, आणि तांत्रिकदृष्ट्या तो योग्यच होता. परंतु उथळ, रुंद विहीर वरच्या मुक्त जलधराची, म्हणजे वरून न झाकलेल्या भूजलधारक थराची पातळी दाखवते, तर खोल नळी दाबाखालील, म्हणजे अभेद्य थराखाली कोंडलेल्या जलधराची. अगदी शेजारी असूनही दोहोंत काही मीटरचा फरक पडू शकतो. त्यामुळे जुनी विहीर सोडण्यापूर्वी काही वर्षे दोन्हींत बरोबरीने मोजणी करणे अत्यावश्यक असते. खर्चाकडे बोट दाखवून जिथे हे टाळले जाते, तिथे आलेखातील घसरण दुष्काळाची की विहीर बदलल्याची, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

पाण्याच्या दाबावरून पातळी टिपणाऱ्या दाबसंवेदकांमुळे आता तासातासाची नोंद आपोआप मिळते, पण बाहेरच्या हवेशी नळीने न जोडलेला संवेदक पाण्यासोबत हवेचाही दाब मोजतो, आणि १० मिलिबारचा बदल वजा करायचा राहिला तर पातळीत सुमारे १० सेंटिमीटरची चूक शिरते. २००२ पासून उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातील फरकांवरून जलसाठ्यातील बदलही अंदाजता येऊ लागले. ते चित्र काहीशे किलोमीटरच्या टापूचे असते, आणि ते पडताळताना याच जुन्या विहिरींच्या सलग नोंदी शोधाव्या लागतात.