मिरचीची आग डुकराला लागते, पोपटाला नाही

पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या मावशींनी गेल्या पावसाळ्यात लवंगी मिरचीची पूड बादलीभर पाण्यात कालवून परसातल्या रताळ्यांभोवती शिंपडली आणि त्याच रात्री रानडुकरांनी दोन वाफे उकरून टाकले. मिरचीचा काही उपयोग नाही, असे त्या म्हणू लागल्या. माझ्या मते चूक मिरचीची नव्हती, पाण्याची होती.

तिखट ही मुळात चवच नव्हे. सस्तन प्राण्यांच्या जिभेतील, नाकातील आणि डोळ्यांतील वेदनावाहक चेतातंतूंच्या आवरणात टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन असते. ते दारासारखे काम करते. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे दार उघडते, कॅल्शियम व सोडियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूला भाजल्याची वर्दी जाते. मिरचीतील कॅप्सेसिन या प्रथिनाच्या खोबणीत बसून एरवीच्या तापमानालाही तेच दार उघडते. भाजलेले काहीच नसते, वर्दी मात्र तीच असते. डंकावर चटणी कांडली जात असताना बाहेर रस्त्यावरच्या माणसालाही ठसका लागतो, तो यामुळेच. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पक्ष्यांमध्येही हे दार असते व ते उष्णतेने उघडते, पण त्यांच्या खोबणीची घडण निराळी असल्यामुळे कॅप्सेसिनचा त्यावर परिणाम होत नाही. म्हणूनच पोपट मिरच्या खुशाल फोडून खातात.

हे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळते. त्यामुळे पूड गोड्या तेलात रात्रभर भिजवावी, त्या तेलात जुन्या सुती चिंध्या बुडवाव्यात आणि डुकराचे ओलसर नाक जिथे घासेल, अशा उंचीवर दोरीला बांधाव्यात. तेल झाडांवर पडू देऊ नये, पाने करपतात. कुंपणाला लिंबू-मिरची टांगून मात्र काहीही साधत नाही, कारण अखंड सालीआडचे कॅप्सेसिन कोणाच्याही नाकापर्यंत पोहोचत नाही. राधानगरीकडच्या गव्यासमोर तर चिंध्यांवर विसंबूच नये, वन विभागाला कळवावे.

चिंध्या बांधून झाल्यावर नुसत्या पाण्याने धुतलेला हात डोळ्याला लावू नये. आधी हाताला तेल चोळावे आणि मगच साबण लावावा.