पऱ्हाटीचे विमान-इंधन: रसायन जमते, गाडी अडते कुठे?

विमानतळाच्या आवारात सौरपट्ट्या बसल्या की ‘कार्बनमुक्त विमानतळ’ असा मथळा वर्तमानपत्रात झळकतो. कोचीचे विमानतळ 2015 पासून सौरऊर्जेवर चालते, हे कौतुकास्पदच आहे. पण त्या हिशेबात दिवे, वातानुकूलन आणि सामानाचे पट्टे येतात, तिथून उडणाऱ्या विमानांचे इंधन येत नाही. खरी गोम तिथेच आहे, कारण एक किलो विमान-इंधन जळले की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोठे विमान बॅटरीवर उडवावे, तर तेवढ्याच वजनाच्या बॅटरीत या इंधनाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा मावते.

म्हणजे इंधनच बदलावे लागणार, आणि इथे विदर्भातल्या वावरांचा संबंध येतो. कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उरलेली वाळकी झाडे, चिमट्याने उपटून धुऱ्यावर रचतात. थोडी चुलीत जाते, थोडी कुंपणाला लागते, उरलेली पेटवून दिली जाते. तिच्यातला कार्बन पानांनी त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. त्यामुळे तो विमानात जाळला, तर तितकेच खनिज तेल जमिनीखाली राहू शकते.

घन पदार्थापासून तेल करण्याची युक्ती फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1920च्या दशकात कोळशासाठी शोधली. पऱ्हाटीची कुट्टी अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये 700 अंश सेल्सिअसच्या वर तापवली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. हायड्रोजन दुप्पट हवा असतो, पण काडीतून तेवढा निघत नाही. म्हणून काही कार्बन मोनॉक्साइडची वाफेशी क्रिया घडवून तो वाढवतात. गंधक काढून टाकलेला हा वायू 200 अंशांच्या वर तापलेल्या कोबाल्टवरून जातो, तेव्हा कार्बनचे अणू एकेक करून साखळीला जोडले जातात. गंमत अशी की, माळ ओवणाऱ्याने प्रत्येक मण्यानंतर गाठ मारायची की पुढे ओवायचे हे नशिबावर सोडावे, तशी ही साखळी प्रत्येक टप्प्यावर एकतर वाढते किंवा सुटून जाते. विमानाला साधारण 8 ते 16 कार्बनच्या साखळ्या लागतात, पण नेमके तिथे थांबवणे कोणाच्या हाती नाही. म्हणून मुद्दाम लांबलचक मेण होऊ देतात आणि मग हायड्रोजनच्या साहाय्याने ते तोडतात. सरळ साखळ्या थंडीत लवकर गोठतात आणि विमान-इंधनाने उणे 47 अंशांपर्यंत गोठता कामा नये, म्हणून त्यांना फाटेही फोडावे लागतात. असे इंधन नेहमीच्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळण्यास आज मान्यता आहे.

‘पऱ्हाटीवर विमान, शेतकरी मालामाल’ असे निरोप पुढे ढकलण्यापूर्वी मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा हे तेलबियांचे झुडूप, आठवावा. त्याच्या तेलापासून केलेले इंधन मिसळून 2018 मध्ये डेहराडूनहून दिल्लीला विमान खरोखर उडाले, पण पडीक रानात त्याच्या लागवडीतून जे पीक येईल म्हणून सांगितले गेले होते, ते आले नाही.

हिशेब असा आहे. एक टन द्रवरूप इंधनाला ढोबळमानाने पाच ते सात टन वाळली पऱ्हाटी लागते, आणि तेही सगळे विमानाच्या कामाचे नसते. आपल्याकडे नेहमी दिसणारे मध्यम आकाराचे विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते, आणि हेक्टरी पऱ्हाटी निघते दोन-तीन टन. म्हणजे एका तासाच्या उड्डाणाला निदान पाच-सहा हेक्टरांची पऱ्हाटी हवी. ती इतकी फोफशी असते की ट्रॉली भरते, वजन भरत नाही. वाहतुकीचे डिझेल मात्र या इंधनाच्याच खात्यावर पडते. शिवाय कारखान्याला ती बाराही महिने लागणार, आणि उभी-आडवी रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. त्यामुळे कारखान्याआधी गावोगावी कुट्टीयंत्रे लागतील आणि उपटल्यावर लगेच कुट्टी करण्याची मजुरी कोण देणार, हेही ठरवावे लागेल.