तापल्यावर गाडी मिसिंग करते: कॉइल गेली की पेट्रोल कमी पडतंय?

सकाळी सोलापूरच्या सात रस्ता चौकातून निघताना गाडीला काहीच त्रास नसतो. मोहोळ जवळ येतं, टेंपरेचरचा काटा मध्यावर स्थिरावतो आणि ओव्हरटेक करायला पाय दाबला की गाडी झटके मारते. गॅरेजच्या रांगेत तासभर उभी राहून इंजिन गार झालेलं असतं. मग मिस्त्री चावी फिरवून म्हणतो, "कुठं काय, बरोबर तर आहे की." त्यानंतर अंदाजानं पार्ट बदलणं सुरू होतं: आधी प्लग, मग कॉइल, मग पंप. पैसे जातात आणि मिसिंग तसंच राहतं.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत असं झालं की संशय बहुतेक वेळा दोघांवर येतो. एक इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), दुसरा टाकीतला पेट्रोल पंप. दोन्ही उष्णतेनं बिघडतात, दोन्ही लोड आल्यावर पकडले जातात, आणि गाडीत बसलेल्याला दोन्ही "झटके" म्हणूनच कळतात. पण झटक्या-झटक्यात फरक असतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत एकच कॉइल सुटत असेल तर चारपैकी एकच सिलिंडर मरतो, आणि तो ठरावीक तालात मरतो. सिग्नलला उभं राहिल्यावर स्टिअरिंग थरथरतं, सायलेन्सरमधून फट्-फट् असा तुटक आवाज येतो. पेट्रोल कमी पडत असेल तर चारही सिलिंडर एकत्र उपाशी राहतात. ताल नसतो, गाडीचा दम जातो. पाय दाबावा तेवढी ती मागे ओढते, आणि पाय सोडून हळू चालवली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. तुळजापूरचा घाट चढताना हा फरक सगळ्यात स्वच्छ कळतो.

कॉइल तापल्यावरच का सुटते? तिच्या आत तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात आणि बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करणं हे तिचं काम. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, ३० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की सुमारे पाव पट. एवढं चांगली कॉइल सहन करते. जुन्या कॉइलच्या इन्सुलेशनला मात्र केसाएवढी भेग गेलेली असते. गार असताना ती भेग मिटलेली असते. तापून प्लास्टिक आणि तांबं वेगवेगळं फुगलं की ती उघडते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच पळते. शिवाय पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या टोकाच्या तेवढ्याच गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल बाहेर काढून तिचा रबरी बूट (प्लगवर बसणारी नळी) उजेडात फिरवून बघा. आतून उभी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क तिथूनच पळत होता.

पंपाचं कारण वेगळं. तो टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलनं थंड राहतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढं जातो, खाली डांबर तापलेलं, आणि आपण काटा रिझर्व्हच्या आसपास ठेवून फिरतो. पंपाची मोटर तापते, झिजलेले ब्रश साथ सोडतात आणि प्रेशर पडतं. टाकी पूर्ण भरल्यावर मिसिंग बऱ्यापैकी कमी झालं, तर संशय पंपाकडं वळवा.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर कोड मिळतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे पहिला ते चौथा, ठरावीक सिलिंडर. पी०३०० म्हणजे कुठलाही, विखुरलेलं मिसिंग. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. इथं एक फसवणूक आहे, आणि तिच्यामुळं पुष्कळ चांगले पंप भंगारात गेलेत. कॉइल सुटली की त्या सिलिंडरमधलं मिश्रण जळत नाही, आणि त्यातला न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर पडतो. ऑक्सिजन सेन्सर तो बघतो आणि "पेट्रोल कमी आहे" असं ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो. म्हणजे दोष स्पार्कचा आणि कोड पेट्रोलचा. म्हणून नुसता कोड वाचून थांबू नका. शेजारी कुणाला तरी स्कॅनर धरायला बसवून गाडी चालवा आणि फ्युएल ट्रिमचा आकडा बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. झटक्याच्या आधीपासूनच ट्रिम वर चढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. आधी झटका आणि मागून ट्रिम, तर कॉइलकडं बघा.

कॉइलची खात्री करायला पैसे लागत नाहीत. पी०३०२ आला असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा आणि गाडी पुन्हा तापवा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर फिरला, तीच बदला. पी०३०२ तिथंच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघा. गाडी पुन्हा न तापवता केलेली ही टेस्ट वाया जाते. दोष तापल्यावरचा आहे, तर तपासणीही तापल्यावरच हवी.

गाडीला सीएनजी किट असेल तर अर्धं काम सोपं होतं. गाडी तापवा आणि स्विच फिरवून बघा. फक्त पेट्रोलवर दम जातो आणि गॅसवर गाडी खुशाल पळते, तर पेट्रोलची लाइन बघा. उलट फक्त गॅसवर मिसिंग असेल तर लोक थेट किटवाल्याला धरतात, आणि इथं मला थांबवावंसं वाटतं. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळं मरायला टेकलेली कॉइल आधी गॅसवरच उघडी पडते. किट उघडायच्या आधी प्लगचा गॅप आणि कॉइल बघून घ्या.

पंपाची शेवटची खात्री मात्र प्रेशर गेजनंच होते. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ३ ते ४ बार प्रेशर असतं, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. तापलेल्या इंजिनवर रेस दिल्यावर काटा खाली सरकला तर आधी फिल्टर आणि पंपाचा कनेक्टर बघा, कारण जळालेल्या कनेक्टरमुळं चांगला पंपही ढिला पडतो. गेज लावायचं काम मिस्त्रीलाच करू द्या. गरम इंजिनवर पेट्रोलची लाइन सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

गाडी झटके न देता एकदम बंद पडते आणि अर्ध्या तासानं मुकाट चालू होते, तर तो तिसराच प्रकार. तिथं क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते ईसीएमला सांगणारा) तपासा.

आणि चेक इंजिनचा दिवा नुसता न लागता लुकलुकायला लागला, तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका. न जळालेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतं, आतली जाळी वितळते आणि कॉइलच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करून आणा.