'तीन मागे चालतं' म्हणजे 'तीन पायऱ्या गाळता येतात' असं नाही

कुबरनेटीसचं (अनेक मशिनांवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचं) वेळापत्रक तुम्हाला पाठ असेल: वर्षाला तीन मायनर आवृत्त्या (१.२८, १.२९ अशा), प्रत्येकीला साधारण १४ महिने सपोर्ट. १.३१.२ वरून १.३१.५ वर जाण्यातही अवघड काही नाही. पॅच वेळच्या वेळी लावत जा, एवढंच.

घोळ होतो तो एका वाक्याशी. क्लस्टर म्हणजे एकत्र चालणारी मशिनं, त्यातलं काम करणारं प्रत्येक मशीन म्हणजे नोड. नोडवर काम चालवणारा प्रोग्राम कुबलेट, आणि क्लस्टरची सगळी ये-जा ज्यातून होते तो एपीआय सर्व्हर. 'कुबलेट एपीआय सर्व्हरच्या तीन मायनर आवृत्त्या मागे असला तरी चालतो' हे वाचून लोक धरून चालतात, की १.२८ चं क्लस्टर सरळ १.३१ वर नेता येईल. नाही नेता येत! एकाच वेळी कोण कोणासोबत चालू शकतं, एवढंच ते वाक्य सांगतं. एका आवृत्तीवरून दुसरीवर कसं जायचं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

हेच क्लस्टर घ्या. तीन एपीआय सर्व्हर, सगळं १.२८ वर. एपीआय सर्व्हर आधी १.२९, मग १.३०, मग १.३१ असेच चढवावे लागतात. अपग्रेड अर्ध्यावर असताना जुना आणि नवा सर्व्हर एकाच एटसीडीत (क्लस्टरची सगळी नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये) लिहीत-वाचत असतात, आणि त्यांच्यात फक्त एका मायनरचा फरक चालतो. शिवाय जुने एपीआय ठरावीक आवृत्तीत काढून टाकले जातात. इनग्रेसचे (बाहेरची रहदारी आत वळवण्याच्या नियमांचे) बीटा एपीआय १.२२ मध्ये गेले, पॉड सिक्युरिटी पॉलिसी (पॉडवर सुरक्षेची बंधनं घालणारी) १.२५ मध्ये. एकेक पायरी चढलात तर नेमकं कुठे काय मोडलं ते तिथेच कळतं.

या सगळ्या काळात नोडवरचा कुबलेट मात्र १.२८ वरच राहू शकतो. शेवटी नोड ड्रेन करून (म्हणजे त्यावरचं काम दुसऱ्या नोडवर हलवून) कुबलेटला थेट १.३१ वर आणा. मधल्या दोन आवृत्त्या त्याला लागत नाहीत. सवलत आहे ती इतकीच. ती ऑगस्ट २०२३ मध्ये १.२८ सोबत आली, त्याआधी मर्यादा दोनची होती. कंट्रोल प्लेन (एपीआय सर्व्हर आणि क्लस्टर चालवणारे बाकीचे भाग) वर्षात तीनदा चढवलं तरी नोडना वर्षातून एकदाच हात लावावा लागावा, हा तिच्यामागचा हेतू.

आता नोड १.२८ वरच ठेवून कुणी १.३२ चा पहिला एपीआय सर्व्हर उभा केला, तर? उरलेले दोन अजून १.३१ वर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारा) कुबलेटला तिन्हींपैकी कुणाकडेही पाठवेल, आणि नव्याच्या तो चार मागे आहे. उलट बाजूही तितकीच पक्की: कुबलेट एपीआय सर्व्हरच्या पुढे कधीच नको. 'आधी नोड उरकून घेऊ' हा बेत म्हणूनच मुळात चुकीचा.

शेड्युलर (काम कोणत्या नोडवर जाईल ते ठरवणारा) आणि कंट्रोलर मॅनेजर (क्लस्टर हव्या त्या स्थितीत ठेवणारा) एपीआय सर्व्हरच्या एक मागे चालतात, पुढे नाही. कुबसीटीएल (क्लस्टरला कमांड देण्याचं साधन) एक मागे किंवा एक पुढे.

मी स्वतः नोड दोनपेक्षा जास्त मागे राहू देत नाही. १.३१ ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि १.२८ चा सपोर्ट त्याच ऑक्टोबरमध्ये संपला. १.३१ च्या एपीआय सर्व्हरसोबत १.२८ चा कुबलेट त्यानंतरही नियमात बसतो, पण त्यात सुरक्षेची नवी त्रुटी सापडली तर पॅच येणार नाही.