घुबडाच्या नाण्यातलं शिसं

‘घरात जुनं नाणं असेल तर लखपती व्हाल’ असे व्हिडिओ सारखे फिरत असतात. नाण्याची किंमत सगळे सांगतात. त्यातली चांदी कुठली, हे कोणी विचारत नाही. अथेन्सच्या नाण्यापुरतं तरी त्याचं उत्तर नाण्याच्या पोटातच आहे.

इ.स.पू. पाचव्या शतकातलं हे चार द्राख्मांचं (द्राख्मा हे तिथलं चलन) नाणं, वजन सुमारे 17.2 ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना देवी, दुसरीकडे घुबड आणि ऑलिव्हची डहाळी. (हे घुबड आपल्या पिंगळ्याच्याच भावकीतलं. पिंगळ्याच्या ओरडण्यावरून लोक शकुन काढतात. तो बिचारा आपली हद्द सांगत असतो.)

चांदी अथेन्सच्याच मुलखातल्या लॉरियनच्या खाणींतली. तिथे मिळायचं गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड, आणि त्यात किंचित चांदी. खनिज भाजून, वितळवून शिसं काढलं की चांदी त्यात विरघळूनच येते. मग ते शिसं उथळ मुशीत हजारेक अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं आणि वरून भात्याने हवा मारायची. शिसं ऑक्सिजनला लगेच धरतं, चांदी धरत नाही. शिशाचं मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, होतं. काही मुशीत मुरतं, काही काढून टाकतात. शेवटी वरचा पापुद्रा फाटतो आणि खालची चांदी लखकन चमकते.

तरी चिमूटभर शिसं उरतंच, आणि खरी गंमत त्यातच आहे. शिशाची स्थिर समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, चार: 204, 206, 207 आणि 208. शेवटची तीन युरेनियम-238, युरेनियम-235 आणि थोरियम-232 यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून वाढत राहतात. 204 वाढत नाही. खनिज घडताना शिसं युरेनियम-थोरियमपासून सुटलं की चौघांचं प्रमाण तिथेच गोठतं. भट्टीतही ते जवळजवळ बदलत नाही. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) नाण्यातलं 206/204, 207/204 आणि 208/204 मोजून लॉरियनच्या खनिजाशी ताडून पाहता येतं. मात्र दोन खाणींची चांदी एकत्र वितळवलेली असेल, तर आकडे मधेच कुठेतरी पडतात आणि वाद सुरू होतात.

अथेन्सकरांकडे असलं यंत्र नव्हतं, छिन्नी होती. इ.स.पू. 375 च्या सुमाराच्या कायद्यानुसार बाजारात एक सरकारी गुलाम नाणी पारखायला बसे. आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं जागीच कापून देवमातेला अर्पण. आणि त्याने पास केलेलं नाणं एखाद्या दुकानदाराने नाकारलं, तर त्याचा त्या दिवशीचा सगळा माल जप्त.